चिवड्याशेजारचा रेकॉर्डर

मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या सुधन्वाचं एक ठाम मत होतं. परिषदेतले निबंध छापून येतात, पण त्यांवरची चर्चा हवेत विरून जाते, आणि ती वाचवू शकणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच आहे. तो कोण, हे सांगायची त्याला गरज वाटत नसे.

"या वेळी कुणाचा खोकलासुद्धा निसटणार नाही," त्याने दिल्लीतल्याच द्वारकेच्या चंद्रप्रभा मावशीला फोनवर ऐकवलं.

जुनी पत्रं, पोथ्या संगणकावर चढवून त्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींची दोन दिवसांची परिषद होती. तिथली चर्चा रेकॉर्ड करून कायमची जपायची, हे काम सुधन्वाकडे. त्याच्या साहेब मीनाक्षी मॅडम स्पष्ट बोलल्या होत्या, "हे नीट झालं तर तुझी नोकरी पुढे चालू. नाहीतर महिनाअखेरीला निरोपाचे समोसे."

मावशीला काळजी वेगळीच. "तिथे खाशील काय?" म्हणून तिने पोह्यांच्या चिवड्याचा भलामोठा डबा त्याच्या गळ्यात मारला. "आणि एकटा खाऊ नकोस, चार लोकांना दे."

रेकॉर्डरला बटण एकच. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असताना त्यावर लाल दिवा लागायचा. त्या दिव्याने विद्वानांचं लक्ष उडू नये म्हणून सुधन्वाने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. ही अक्कल सर्वस्वी त्याची. मग सकाळी आवाज तपासायला त्याने यंत्र चालू केलं आणि गडबडीत बंद करायचं राहून गेलं.

उद्घाटनाला त्याने ऐटीत बटण दाबलं, आणि यंत्र झोपी गेलं. चहाच्या सुट्टीत पुन्हा दाबलं, तेव्हा ते जागं झालं. दोन दिवस हाच क्रम. सुट्टीत कुणी यंत्र पळवू नये म्हणून तो ते चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवी, म्हणजे दोन्हींवर एकदम नजर राही. डबा उघडताच परिषदेतली यच्चयावत मराठी मंडळी तिथे जमत आणि मागोमाग बाकीची.

परिषद संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "ऐकव बघू."

सुधन्वाने संगणकावर रेकॉर्डिंग लावलं. कुर्रम कुर्रम.

"हे कुठलं सत्र?"

"उद्घाटनाचं असावं, मॅडम."

"यार, शेंगदाणे सगळे तूच वेचलेस," रेकॉर्डिंगमधून कुणीतरी म्हणालं.

सुधन्वाने यंत्रावरची चिकटपट्टी ओरबाडून काढली. बंद केलेल्या यंत्राचा लाल दिवा जळत होता. "मॅडम, सगळी सत्रं गेली. फक्त चहा उरलाय." मनातल्या मनात तो मुनिरक्याची खोली आवरायला लागला.

"थांब," मॅडम म्हणाल्या.

पुढचा आवाज नचिकेतचा होता. सभागृहात वैभवीच्या निबंधाला 'अतिशय मौलिक' म्हणून मोकळा झालेला हाच तो संशोधक. इथे मात्र तोंडात बकाणा भरून तो म्हणत होता, "वैभवी, खरं सांगू? तुझ्या निबंधातल्या यादीत पत्रं लिहिणारे कारकून सगळे आहेत. ज्या बायकांनी ती सांगून लिहवून घेतली, त्यांतली एकही नाही."

कुर्रम.

"चुकलंच माझं," वैभवी म्हणाली. "यादीवर परत बसूया? तू मदत करशील?"

मॅडमनी तेवढा तुकडा पुन्हा लावून ऐकला. "इतक्या परिषदा केल्या मी, सुधन्वा. पण सभागृहात 'माझं चुकलं' म्हणणारं कुणी भेटलं नाही. हेच जपायचं. आधी सगळ्यांची परवानगी घे."

सगळ्यांनी दिली. नचिकेतची अट एकच, शेंगदाण्यांचं वाक्य गाळायचं.

सुधन्वाने मावशीला फोन लावला. "मावशी, तुझ्यामुळे नोकरी राहिली गं. तुझे उपकार कसे फेडू?"

"डबा परत आण," मावशी म्हणाली. "आणि घासून आण."

मग संगणकाने चर्चेतले शब्द मोजले. सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'डेटा' असणार, अशी सुधन्वाने पैज लावली होती. डेटा दुसरा आला. पहिला चिवडा.

पुढच्या परिषदेचं पत्रक निघालं, तेव्हा विशेष निमंत्रितांत पहिलं नाव होतं श्रीमती चंद्रप्रभा. सुधन्वाचंही नाव होतं, अगदी तळाशी. त्याने फक्त डबा उघडायचा होता आणि बटणाला हात लावायचा नव्हता.