नानांचं कोपर आणि कोरफड

आमचे शेजारी नाना कोपराने आशीर्वाद देतात. हसू नका. नंदुरबारच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या डोक्याला ते कोपर लागलेलं आहे. नवी नवरी असताना आमची सौ. त्यांच्या पाया पडली, तेव्हा तिच्याही डोक्यावर तेच आलं. असेल काही कुळाचार, असं समजून मी गप्प बसलो.

नानांचा जन्म मिरची वाळवण्याच्या पथारीवर गेला. गेल्या दिवाळीला काम सोडून ते घरी बसले आणि कोरफडीच्या नादी लागले. तेलाचे डबे, फुटकी बादली, जुना कुकर, जिथे माती राहील तिथे कोरफड. रोज सकाळी पान चिरायचं, गर काढायचा, त्यात खोबरेल घोटायचं आणि मनगटापर्यंत हात माखून ओट्यावर बसायचं. मी दिसलो की हाक.

"मास्तर, आठे या. डोळा मिटा."

पापणीवरून गार बोट फिरतं.

"आग व्हस का?"

"नाही हो, नाना."

"खरं सांगा. मास्तर लोके भीडमा खोटं बोलतस."

हे रोज! मला काही केल्या उलगडा होईना. सौ. म्हणाली, म्हातारपणी गोरं व्हायची हौस. समोरच्या दुकानदाराला वाटलं, नाना क्रीमचा धंदा काढणार. एकदा तर मी इतका गोंधळलो, की खरंच चुरचुरतंय असं वाटून "थोडी होते" म्हणून गेलो. नाना त्या दिवशी जेवलेच नाहीत, असं काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोरफडीचे दोन डबे वाढले.

मग सुरतेहून नानांचा मुलगा प्रकाश आणि सून तान्ह्या पोरीला घेऊन आले. सगळी गल्ली बघायला जमली. नाना मात्र हात पाठीमागे बांधून कोपऱ्यात.

"नाना, घ्या ना तिला," सून म्हणाली.

नानांनी मलाच बाजूला ओढलं. "मास्तर, एकदाव देखा ना." बोट पुन्हा पापणीवर.

मी वैतागलो. "अहो, पण कशासाठी हे सगळं?"

"परकाश धाकला व्हता," नाना हळूच म्हणाले. "पथारीवरथीन घर ऊनू, लाडमा त्याना डोळा पुसा. आखी रात बोंबलना पोऱ्या. त्या दिनपाईन मी त्याले हातच नही लाया. मिरची मन्हा हातमा मुरी गई शे."

प्रकाशने हे ऐकलं असावं. त्याने लेक उचलली आणि नानांच्या मांडीवर ठेवली. नानांनी तिला दोन्ही कोपरांत धरलं, पंजे वर हवेत. पोरीने त्यातलं एक बोट पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

"पानी आना! पानी!" नाना ओरडले.

पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, बोट बाहेर काढलं, जरा विचार केला आणि पुन्हा तोंडात घातलं. रडली मात्र नाही.

नानांनी दुसरा हात भीत भीत खाली आणला आणि अख्खा तळवा तिच्या गालावर ठेवला.

"मास्तर," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कडू लागनं तिले! तिखट नही, कडू!"