व्रण मोजताना हात सरळ असावा

जखम कोणालाही होते. तिला पात्रता लागत नाही, अर्ज लागत नाही, दोन साक्षीदारही लागत नाहीत. व्रणाचं तसं नाही. व्रण मंजूर व्हावा लागतो. मंजूर होईपर्यंत तो अर्जदाराच्या कातडीची खाजगी बाब असतो, आणि सरकार कोणाच्या खाजगी बाबीत नाक खुपसत नाही. हे तत्त्व ज्यांना पटत नसेल त्यांनी माजी सैनिक अपंगत्व अपील मंडळाच्या बाकावर एक सकाळ काढावी. बाकाची एक फळी निघालेली आहे, त्यामुळे पटायला फार वेळ लागत नाही.

त्या बाकावर ड्रायव्हर बसला होता. (हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण फौजेत जन्मभर ट्रक चालवला म्हटल्यावर सासूसुद्धा जावयाला ड्रायव्हरच म्हणायची.) एकदा ट्रकला आग लागली. ड्रायव्हरने आत अडकलेल्या दोघांना ओढून काढलं. दोघं वाचले, ट्रक गेला, आणि ड्रायव्हरचा उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत भाजला. जखम यथावकाश भरली, पण भरताना कातडी अशी काही आखडली की हात कोपरात वाकला तो वाकलाच. आता त्या हाताने ना स्टिअरिंग धरता येई, ना शर्टाच्या बाहीत शिरता येई. शर्ट बायको चढवायची, आणि चढवता चढवता सरकारचा उद्धार करायची.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी हात बघून स्वच्छ सांगितलं होतं, "ही कातडी सोडवली की हात सरळ होईल. पण हे वर्ष संपायच्या आत या. नंतर सांधाच धरेल, मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही." शस्त्रक्रिया फुकट होती. (माजी सैनिकांना सगळं फुकटच असतं, फक्त मिळत नाही.) त्यासाठी व्रणाची मंडळाच्या दप्तरी नोंद व्हायला हवी होती, बस्स. पहिल्या तपासणीत ती झाली नाही. म्हणून अपील.

मंडळाबद्दल लोक काहीबाही बोलतात. लोकांना काय, जिभेला हाड नसतं. वास्तविक व्रणांचा इतका बारकाईने विचार ज्यांना ते झाले त्यांनीही केलेला नाही. मंडळाच्या नियमावलीत व्रणांचे प्रकार दिलेले आहेत. चेहऱ्यावरचा व्रण (लोकांना बघवत नाही म्हणून गंभीर). कपड्याखालचा व्रण (झाकावा). दुखणारा व्रण (सुनावणीच्या वेळी दुखल्यास). न दुखणारा व्रण (मग तक्रार कसली?). आणि शेवटी 'इतर', ज्यात कोणालाही घालू नये अशी तोंडी सूचना आहे. वार्षिक अहवालानुसार एक्याण्णव टक्के अर्जदार मंडळाच्या कामावर समाधानी आहेत. उरलेले नऊ टक्के अपील करतात. समाधानी लोकांचे पत्ते मंडळाकडे नाहीत.

ड्रायव्हरचा पुकारा झाला. आत एक लांब टेबल, टेबलामागे अध्यक्ष आणि मंडळाचे डॉक्टर, आणि बरोबर त्यांच्याच डोक्यावर पंखा. डॉक्टरांच्या हातात चौकोन छापलेला पारदर्शक कागद होता. तो व्रणावर पसरायचा आणि खाली किती चौकोन भरतात ते मोजायचं. पुरेसे भरले तर व्रण दखलपात्र.

"हात सरळ करा," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, होत नाही."

"करून तर बघा."

"अहो साहेब, होत नाही म्हणून तर आलोय ना!"

डॉक्टर खरोखर खिन्न झाले. माणूस वाईट नव्हता, पण नियम स्पष्ट होता: व्रण मोजताना हात पूर्ण सरळ असावा. वाकलेल्या हाताला सुरकुत्या पडतात, चौकोन चुकतात आणि शासनाची दिशाभूल होते. मग अध्यक्षांनी ड्रायव्हरला ढ मुलाला समजवावं तसं समजावलं. हात सरळ नाही तर मोजणी नाही. मोजणी नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर शस्त्रक्रिया नाही.

"आणि शस्त्रक्रिया नाही तर हात सरळ नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"बरोबर!" अध्यक्षांना आनंद झाला. अर्जदाराला इतक्या लवकर समजलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

"मग आधी शस्त्रक्रिया करा आणि नंतर मोजा की."

अध्यक्षांनी यावर मनापासून विचार केला. अडचण अशी की शस्त्रक्रियेनंतर हातावर जो व्रण राहील तो सर्जनबाईंचा असेल, फौजेतला नव्हे. तो मंजूर करणं म्हणजे करदात्यांच्या डोळ्यांत धूळफेक.

"अहो, त्यांना म्हणावं या हातात एकदा बाही चढवून दाखवा!" दारातून बायकोचा आवाज आला. "घाम फुटेल घाम, मग बसा म्हणावं चौकोन मोजत!" (नातेवाइकांना आत प्रवेश नाही. पण दार लागत नाही, आणि दाराची तक्रार बांधकाम खात्याकडे प्रलंबित आहे.) अध्यक्षांनी शिपायाला दार लावायला सांगितलं. शिपाई दाराला पाठ टेकून उभा राहिला.

अखेर डॉक्टरांनाच तोडगा सुचला. उजवा हात सरळ होत नाही ना? मग डावा मोजू. दोन्ही हात एकाच माणसाचे, लांबीही तीच, नियमाचा मान राहील आणि अर्जदाराचा हेलपाटाही वाचेल. ड्रायव्हरचा डावा हात आज्ञाधारकपणे सरळ झाला. डॉक्टरांनी त्यावर कागद पसरला, चष्मा पुसला, काळजीपूर्वक मोजलं. भरलेले चौकोन: शून्य. अध्यक्षांनी सांगितलं आणि कारकुनाने लिहिलं, 'नियमानुसार सरळ केलेल्या हातावर व्रण आढळला नाही.'

इथे मात्र ड्रायव्हरचं डोकं फिरलं. साहेबांपुढे त्याने आयुष्यात आवाज चढवला नव्हता. तो उठला, उजव्या हाताचा पंजा टेबलाच्या कडेला लावला आणि सगळं अंग त्यावर झोकून दिलं. कोपराच्या घडीतली कातडी फाटली. रक्त चौकोनांच्या कागदावर सांडलं. हात चार बोटं सरळ झाला.

"मोजा!" तो ओरडला. "झालाय ना सरळ? मोजा आता!"

डॉक्टरांनी धावत येऊन स्वतःच्या रुमालाने हात बांधला. तेवढं त्यांनी केलं, हे सांगायलाच हवं. तोपर्यंत अध्यक्षांनी आदेश तोंडी सांगायला घेतला होता. उघडी जखम हा व्रण नव्हे, सबब मोजणीचा प्रश्न उद्भवत नाही. सदर जखम अर्जदाराने निवृत्तीनंतर, मंडळाच्या दालनात, स्वहस्ते करून घेतली, सबब तिचा सेवेशी संबंध नाही. तथापि सुनावणीदरम्यान हात चार बोटं सरळ झाला ही लक्षणीय सुधारणा असून शस्त्रक्रियेची निकड उरलेली नाही. चौकोनांचा कागद निकामी झाल्याने नवीन येईपर्यंत सर्व मोजण्या स्थगित. अपील फेटाळण्यात येत आहे.

बाहेर बाकावर बायकोने त्याच्या खांद्यावर शर्ट टाकला. "मेल्यांना लाज कशी नाही वाटत!" ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ड्रायव्हरला रडू येत नव्हतं. त्याला इतका राग आला होता की शिपायाने पुढे केलेला पाण्याचा पेलासुद्धा त्याने घेतला नाही.

पण अन्याय होऊ नये म्हणून मंडळाने एक पळवाट ठेवलेली आहे, आणि ती फार उदात्त आहे. फेटाळलेलं प्रत्येक अपील वर्तमानपत्रात छापून येतं. छापल्यापासून महिनाभरात कोणाही एका नागरिकाने खिडकीवर येऊन 'माझी हरकत आहे' एवढं म्हटलं की फेरसुनावणी ताबडतोब, दुसऱ्या मंडळापुढे, आणि हात असेल तसा मोजून. कारण विचारत नाहीत. नातेवाईक चालत नाहीत (त्यांचं अर्जदारावर प्रेम असण्याची शक्यता असते). ओळखीचे, शेजारीपाजारी, फौजेतले जुने सोबती, तेही चालत नाहीत. अगदी अनोळखी माणूस हवा.

महिनाभर बायको रोज खिडकीवर जाऊन विचारायची, "आलं का हो कोणी?" कारकून मान हलवायचा. तिकडे जखम भरत आली, आणि भरताना कातडी पहिल्यापेक्षाही घट्ट आखडली. मुदत संपली. वर्षही संपलं. सर्जनबाईंनी हात उचलला, दाबून पाहिला, अलगद खाली ठेवला. "नाही हो आता," त्या म्हणाल्या. "सांधा धरला."

अपिलाची बातमी आतल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात आली होती. छोटी होती, पण वाचता येत होती. तिच्याच वर शूर जवानांच्या सत्काराचा मोठा रंगीत फोटो होता. तो तुम्ही पाहिलात. 'यांच्यामुळे आपण सुखाने झोपतो हो,' असं घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात आणि पान उलटलंत. मंडळाने तीच तुमची संमती धरली.