बडेकरबाईंच्या मागच्या दारी परदेश

बडेकरबाई पुढच्या दारात भेटल्या तर मला ओळखतात. मागच्या दारात भेटल्या तर ओळखत नाहीत.

दहिवलीत राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी मला हे कळलं. सकाळी त्यांनी पुढच्या दारातून हाक मारून मला लिंबाचं लोणचं दिलं, ओल्या-सुक्या कचऱ्यावरून दहा मिनिटं झापलं आणि माझं गाव कोणतं, नोकरी मुदतीआधी का सोडली, सगळं काढून घेतलं. दुपारी तीनला मी मागच्या अंगणात टॉवेल काढत होतो. त्यांचं मागचं दार उघडलं आणि चाकांची बॅग ओढत बाई बाहेर आल्या. पायांत बूट, साडीवर स्वेटर, आणि ऊन असं की अंगणातली फरशी पायाला चटके देत होती. मी ओळखीचं हसलो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत मी कुठेच नव्हतो.

"एक्स्क्यूज मी, सर," त्या म्हणाल्या. "आय हॅव जस्ट गॉट इन."

"बाई, मी शेजारचा. सकाळी लोणचं दिलंत ना मला?"

त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांनी बॅगेचा दांडा घट्ट धरला. मी टॉवेल तिथेच सोडून घरात आलो आणि कडी लावली. मी मुळात भित्रा माणूस आहे, लपवण्यात अर्थ नाही.

भाजी घेऊन येणाऱ्या हिराबाईनं त्या भीतीत भर घातली. ती डोंगराखालच्या वाडीतली. टोपली उतरवता उतरवता तिनं आवाज खाली आणला. "सायेब, त्या घरात बाप्याचा आवाज येतो. ऐकला का नाय?"

"कुणाचा?"

"त्येच तर! बाईचा मालक जाऊन पंधरा वर्सं झाली. बाई एकटी ऱ्हाते. मंग बोलतो कोन? मी तर त्या दाराला टोपली पन टेकवत नाय."

मग मलाही तो आवाज येऊ लागला. बायको कामावर गेलेली असायची, गल्ली जेवून झोपलेली असायची. तीन वाजले की भिंतीपलीकडे चाकं घरंगळायची. एक दार लागायचं. मग खर्जातला पुरुषी आवाज इंग्रजीत काहीतरी दरडावून विचारायचा. मग दुसरं दार. मग खूप वेळ काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ सगळ्यांत वाईट होतं. मी पंखा बंद करून भिंतीला कान लावायचो, आणि पलीकडूनही कुणीतरी कान लावला आहे असं वाटून मागे सरायचो.

आठवड्याभरानं बाईंनी पुढच्या दारातून मला आत बोलावलं. पुढचं दार म्हणजे ओळख, म्हणून गेलो. ओसरीत टेबल होतं, त्यावर पुठ्ठ्याची पाटी: चेक इन. मधल्या खोलीत एकामागे एक दोन खुर्च्या, ते विमान. पुढे कापडी पडदा, त्यामागे पासपोर्ट तपासणारा अधिकारी, आवाज जाड करून तोही बाईच. स्वयंपाकघरातून मागचं दार उघडलं की परदेश.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी परदेशात होते. तिथं तुमी माझ्या ओळखीचे कसे असाल?"

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला माफी मागावीशी वाटली.

बाईंनी खालापूरला सरकारी कचेरीत बावीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलं. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, आणि जगात तिसरा कागद नाही. प्रवासातली इंग्रजी क्रियापदंही त्यांनी तशीच नोंदवहीत लावली होती. सेट ऑफ, टेक ऑफ, सी ऑफ जावकमध्ये. चेक इन, गेट इन, टच डाउन आवकमध्ये. स्टॉप ओव्हरपाशी त्यांचं तीन दिवस अडलं, कारण माणूस धड आलाही नाही आणि गेलाही नाही. शेवटी त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: प्रलंबित. कुठलाही शब्द नुसता पाठ करून चालत नसे. तो चालून, बसून, बॅग उचलून झाला की त्या स्वतःलाच विचारायच्या, "आवक लागली का?" आणि मगच पुढची ओळ.

हा खटाटोप कशासाठी, तेही त्यांनी सांगितलं. कॅनडात त्यांची नात आहे, माया, सात वर्षांची. तिला मराठी येत नाही. दर रविवारी ती फोनवर दिसते आणि दोघी नुसत्या हसतात. "तिला वाटत असंल, आजी म्हणजे फोनातली हसरी बाई. मला तिच्याशी बोलायचंय, साहेब. एकटीनं जाऊन, मधे विमान बदलून."

"मुलगा येईल की न्यायला."

बाईंनी वही मिटली. "सुहास दोन वर्षांमागं गेला. झोपेतून उठलाच नाय. माझ्याकडं तवा पासपोर्टसुद्धा नव्हता. तिकडं सगळं सुनेनं केलं, मी फोनवर बघत होते. मधेच रेंज गेली. परत आली तर सगळं आटपलं होतं."

मी म्हणालो, "अधिकारी मी होऊ का?"

मग मी रोज तीन वाजता पडद्यामागे बसू लागलो. पहिल्याच दिवशी माझी कानउघाडणी झाली. "अहो, हसताय काय? टेबलामागचा माणूस हसत नसतो. मी बावीस वर्षांत हसले नाय!" दुसऱ्या दिवशी मी कपाळाला आठ्या घालून, कुठे उतरणार, किती दिवस, परत कधी, असं सगळं विचारलं. उत्तरं पटापट आली. मी रबरी शिक्का उठवला आणि बाई बॅग ओढत स्वयंपाकघराकडे गेल्या. दरडावणारा आवाज बाईच काढत होत्या हे कळल्यामुळे मी निर्धास्त होतो. आता ते काम माझ्याकडे होतं. म्हणजे आवाज संपला.

तेवढ्यात तो आला. स्वयंपाकघराच्या पलीकडून. दरडावणारा नव्हता, तरणा होता, जरा घोगरा, आणि हसत होता.

"आई! इकडं, इकडं! हरी अप!"

माझ्या हातातला शिक्का खाली पडला. उठलो, कारण बसून राहणं जास्त भीतीचं होतं. मागचं दार उघडं होतं. दारापलीकडे एक खुर्ची होती आणि तिच्या पाठीला निळा शर्ट घातलेला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"बॅग दे इकडं," त्यांच्या तोंडून तो म्हणाला. "दमलीस ना?"

"नाय रं," बाई म्हणाल्या, आता त्यांच्या आवाजात. "तू किती वेळचा उभा हायस?"

आईच्या घशातून मुलाचा आवाज इतका हुबेहूब येतो हे मला माहीत नव्हतं. आणि मग मला माझी लाज वाटली, कारण हेच ऐकायला मी भिंतीला कान लावत होतो.

बाई मला बघून दचकल्या नाहीत. पायरीवर बसल्या. "तिकीट दोनदा पुढं ढकललं, साहेब. सगळं येतं मला. ह्या दारापाशीच अडतं. हे दार उघडलं की तो असतो. तिकडचं दार उघडलं आणि तो नसला, मंग?"

तिसरं तिकीट आठ दिवसांवर होतं. सुनेनं मायाला घेऊन तिकडच्या विमानतळावर न्यायला येण्याचं कबूल केलं होतं; पण बाई सुनेबद्दल बोलतच नव्हत्या. मी म्हणालो, "आणखी थोडं ढकला." भित्रा माणूस दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "आज तुमी यायचं नाय. आणि मी मागं कितीही वेळ उभी राहिले तरी बाहेर यायचं नाय."

आधीच सांगतो, बाई गेल्या. विमानतळाच्या गाडीत मीच त्यांना बसवलं, आणि मायानं त्यांना काय दाखवलं, काय विचारलं, हे आता दर रविवारी मला फोनवर ऐकावं लागतं. पण माझ्या मनात राहिली आहे ती त्याआधीची, त्याच दिवसाची दुपार.

तीन वाजले. चाकं वाजली, दारं वाजली. मी माझ्या खिडकीत ओट्याला धरून उभा होतो. बाई बाहेर आल्या. खुर्ची नव्हती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, टाचा उंचावून गर्दीत शोधावं तसं रिकाम्या अंगणात पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "सुहास, मी आले रं."

मी वाट पाहू लागलो. ज्या आवाजाला मी इतके दिवस घाबरत होतो, तो आता यावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. अंगणात ऊन होतं, दोरीवरचा माझा सदरा हलत होता, आणि आवाज काही आला नाही. बाई खूप वेळ उभ्या होत्या. मला रडू आलं, पण कबूल केल्याप्रमाणे मी बाहेर गेलो नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं, बॅग उचलली आणि फाटक उघडून एकट्याच रस्त्याला लागल्या.