जोडीचा अर्ज नको

सावद्यातून कैलास-मानसरोवरला जाणारा पहिला माणूस आपणच, हे जीवराम नानांनी एप्रिलमध्येच जाहीर करून टाकलं होतं. अर्ज अजून भरायचा होता. दिल्लीला सोडत निघायची होती, डॉक्टरी तपासणी व्हायची होती. पण नानांच्या मते या सगळ्या कागदोपत्री गोष्टी होत्या. महादेवाने बोलावलं आहे, आता मध्ये कोण येणार?

घाईला कारणही होतं. नानांना नुकतंच सत्तरावं पुरं झालं होतं आणि यात्रेचा नियम सत्तरीपर्यंतचा. पुढच्या वर्षी त्यांना कोणी दारातही उभं केलं नसतं. जायचं तर यंदा, नाहीतर कैलास कॅलेंडरवरच बघायचा.

अर्ज सुनेने भरला. मयुरी मोबाईल घेऊन ओट्यावर बसली आणि नाना शेजारी उभे राहून जन्मतारीख सांगू लागले, जणू ती महादेवालाच कळवायची आहे. नानांचा अर्ज झाल्यावर मयुरीने विचारलं, "आईंचाही भरू का? पासपोर्ट आहे त्यांचा."

पासपोर्ट होता खरा. तीन वर्षांपूर्वी मुलगी भूमिका मस्कतला बाळंत होणार होती, तेव्हा दोघांचेही काढले होते. पण नेमकी केळीची कापणी आली आणि जाणं राहिलं. नातू आता व्हिडिओ कॉलवर कविता म्हणून दाखवत होता.

"भर," नाना म्हणाले. "नाव काही लागत नही एवढ्यात कोणाचं. पण येगळा भर. जोडीचा अर्ज नको."

"जोडीचा भरला तर दोघांचं बरोबर लागतं, नाना."

"आणि हुकलं बी बरोबर. तिचे गुडघे पाह्य. ती तपासणीत बसली नही म्हणजे माझं बी गेलं."

आत स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज झाला. नानांच्या पत्नी बेबाबाई शेवग्याची भाजी टाकत होत्या. दोन्ही अर्जांवर मोबाईल नंबर मात्र एकच गेला, नानांचा. कारण बेबाबाईंना स्वतःचा मोबाईल नव्हता.

मग नानांची तयारी सुरू झाली. वजन अठ्ठ्याहत्तर किलो. ते कमी करायचं म्हणून त्यांनी साखर सोडली, भात सोडला आणि दर दोन तासांनी आपण काय काय सोडलं हे सांगायला सुरुवात केली. लोकरी आतले कपडे आले. ते अंगाला नीट बसतात का, हे पाहण्यासाठी मे महिन्यात, सावद्याच्या पंचेचाळीस डिग्रीत, नाना अर्धा तास ते घालून अंगणात फिरले. शेजारच्या भागाबाई घाबरून मीठ-साखरेचं पाणी घेऊन धावत आल्या. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रही आलं. नाना ते चहाच्या टपरीवर नेत आणि येईल त्याचं बोट धरत.

रविवारी नानांचा मुलगा नीलेश त्यांना गाडीने पालला नेई. तिथल्या सातपुड्याच्या टेकडीवर नाना पाठीला पिशवी लावून चढत. पिशवीत वजन म्हणून दोन विटा. बेबाबाईही सोबत जात, कारण नानांचा डबा, पाण्याचा कॅन, सतरंजी आणि स्वेटर कोणीतरी न्यायला हवं होतं. नाना दर पन्नास पावलांवर थांबून नीलेशला विरळ हवेविषयी माहिती देत. ते वर पोचत तेव्हा बेबाबाईंनी सतरंजी अंथरलेली असे, कांदा फोडलेला असे, आणि त्या झाडाखाली बसून समोरच्या डोंगराकडे बघत असत.

"आलीस का वर?" नाना विचारत. त्यांना खरंच नवल वाटे.

मेच्या शेवटी, दुपारी, नानांच्या मोबाईलवर संदेश आला. यात्रेसाठी आपली निवड झाली आहे, खाली अर्जाचा लांबलचक क्रमांक. नानांनी क्रमांक वाचलाच नाही. क्रमांक वाचायला वेळ कोणाला होता? त्यांनी पहिला फोन केला प्रेमराज सरांना.

प्रेमराज सर मूळचे शिरपूरकडचे. हायस्कुलात नोकरी लागली म्हणून सावद्यात आले आणि इथेच राहिले. निवृत्तीनंतर त्यांना एकच आवड उरली होती, सत्कार. कोणाचा नातू दहावी पास झाला तरी त्यांच्या हातात नारळ तयार असे. एरवी ते शुद्ध पुस्तकी बोलत, पण आनंद झाला की अहिराणीवर घसरत.

"बठ्ठा गावले तुमना अभिमान शे, नाना," ते म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी मनातल्या मनात त्यांचं भाषणही तयार झालं.

चौथ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात सत्कार झाला. बाहेर बॅनर लागला, 'सावद्याचे धाडसी सुपुत्र.' बॅनरवाल्याने नानांचा फोटो कैलासासमोर असा चिकटवला होता की अख्खा पर्वत त्यांच्या टोपीमागे गेला होता. टोपीच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा बर्फ दिसत होता, एवढंच. लोकांनी मानसरोवराचं पाणी आणायला बाटल्या दिल्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. एकूण सत्तावीस. नाना भाषणाला उभे राहिले आणि शेवटी त्यांचा आवाज जड झाला. "आमच्या घरच्यांना गुडघ्यांमुळे हे दर्शन नाही," ते म्हणाले. "पण त्यांच्या वतीने मी तिथे डोकं टेकवीन."

बायकांच्या रांगेतल्या सगळ्यांनी बेबाबाईंकडे वळून पाहिलं. बेबाबाईंनी पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीचं पत्र छापून घ्यायचं म्हणून मयुरीने ईमेल उघडला. तिने तो एकदा वाचला. मग चष्मा लावून वाचला. मग नीलेशला आतल्या खोलीत बोलावलं. नीलेश बाहेर आला आणि म्हणाला, "नाना, आधी चहा घ्या."

"का? कोण गेलं?"

"गेलं कोणी नाही. जायचं आहे. पण नाव आईचं आहे."

नानांनी मोबाईल हातात घेतला. बेबाबाई जीवराम पाटील. वय बासष्ट. निवड झाली. दुसरा ईमेल नानांचा होता. त्यात खेद व्यक्त केला होता.

"टायपिंगची चूक," नाना म्हणाले. "लाव दिल्लीले फोन."

चाळीस मिनिटं फोनवर एकच धून वाजली. शेवटी एक शांत आवाजाचा मनुष्य आला. नानांनी आपलं सगळं हिंदी पणाला लावलं. "साहब, मिसेस का नंबर लगा है. उनके बदले में मिस्टर चलेंगे क्या?"

"नहीं जी. नाम बदली नहीं होता."

"मिस्टर का पासपोर्ट एकदम नया है."

"सर, मिस्टर का नाम तो प्रतीक्षा सूची में भी नहीं है."

नानांनी फोन ठेवला. घरात कोणी कोणाकडे बघेना. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं. महादेवाची इच्छा. मयुरी, कळवून टाक, ती येऊ शकत नही म्हणून. उगाच दुसऱ्याची जागा अडायला नको."

"आईंना विचारू का आधी?" मयुरी म्हणाली.

"तिले काय विचारायचं त्यात?"

पण मयुरी आत गेलीच. बेबाबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळत होत्या. सुनेचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग त्यांनी गोळा परातीत ठेवला.

"निघायचं कधी असतं?" त्यांनी विचारलं.

बाहेर नानांना ते स्पष्ट ऐकू आलं. आपण चुकीचं ऐकलं असं त्यांना वाटावं, एवढ्यात त्या पुढचं बोलल्या, "मी जाईन."

नाना रुसले. सत्तर वर्षांच्या माणसाला रुसायला घरात जागा नसते, म्हणून ते मळ्यात गेले. दिवसभर केळीच्या बागेत पाण्याच्या नळ्या उगाच तपासत राहिले. गावात लोक भेटतील, बाटल्यांचं विचारतील, ही एक भीती. पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात बेबाबाईंनी "मी जाईन" असं कधी म्हटलेलं त्यांना आठवेना. लग्नाला, दहाव्याला, दवाखान्यात, जिथे जायचं तिथे नानांनी सांगायचं आणि त्यांनी पिशवी भरायची.

दुसऱ्या दिवशी बेबाबाई डबा घेऊन मळ्यात आल्या. पंपाच्या खोलीपाशी सावलीत बसल्या आणि भाकरी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"तुले भीती नही वाटत?" नानांनी भाकरीकडे बघत विचारलं.

"वाटते."

"बर्फ असतो तिथं. हवा नही पुरत. भाषा येत नही तुले."

"भूमिकाच्या येळेले बी हेच म्हटलं व्हतं तुम्ही. तिथं तर बर्फ बी नव्हता."

नानांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

"ती तिकडे एकटी बाळंत झाली. मी इकडे घडांचे ट्रक मोजत बसले," बेबाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून नानांना ते जास्त लागलं. "तुमचं मन असलं तर मी हसत जाईन. नसलं तर गपचूप जाईन. पण जाईन."

नानांनी पंपाच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकली.

"जोडीचा भरायला पाहिजे होता मी," नाना हळू म्हणाले. "तुह्या गुडघ्यांचं..."

"ऐकलं मी तव्हाच. भाजी टाकत व्हती." त्यांनी लोणच्याची फोड त्यांच्या ताटात ठेवली. "खा आता. पाव किलो बी उरले नही तुम्ही."

हे खरं नव्हतं. नानांचं वजन सगळं सोडूनही दीड किलोच उतरलं होतं. पण त्यांना बरं वाटलं.

त्या संध्याकाळी ते स्वतः टपरीवर गेले आणि चारचौघांत सांगितलं, "मी नही, आमच्या घरचे जाणार." सांगताना कान गरम झाले, पण सांगितलं. प्रेमराज सरांना तर आनंदच झाला. एकाच घरात दोन सत्कार! बॅनरवाल्याने तोच बॅनर वापरून फोटो तेवढा बदलला. त्यामुळे आठ दिवस सावद्याच्या चौकात बेबाबाईंचा फोटो आणि खाली 'धाडसी सुपुत्र' असं झळकत होतं. बाटल्यांचा निकाल बेबाबाईंनीच लावला. "सत्तावीस बाटल्या मी वाहणार नही," त्यांनी मंडपात माईकवर सांगितलं. "एक आणीन. थेंब थेंब घ्या."

त्यांच्या मापाचे बूट आणायला नाना जळगावला गेले. त्यांना बायकोच्या पायाचं माप ठाऊक नव्हतं. दुकानातून फोन करून विचारावं लागलं.

दिल्लीला तपासणीसाठी ते बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी बेबाबाईंचं वजन, रक्तदाब, छाती, गुडघे, सगळं पाहिलं.

"आप कौन सी एक्सरसाइज करती हैं?"

बेबाबाईंनी नानांकडे पाहिलं. "काहीच नही," त्या म्हणाल्या. "पाणी भरते. मळ्यात जाते."

"बहुत बढ़िया. फिट हैं आप."

नानांना राहवेना. आलोच आहोत तर माझाही रक्तदाब बघा, म्हणून ते खुर्चीत बसले. पट्टा फुगला, उतरला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फुगवला. मग त्यांनी एकशे ऐंशी हा आकडा कागदावर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. "बाबूजी, आप तो अच्छा हुआ नहीं चुने गए. आप को आज से गोली लेनी है."

बाहेरच्या बाकावर दोघं गोळ्यांची पाकिटं घेऊन बसली. त्या खेदाच्या ईमेलनंतर पहिल्यांदाच नानांच्या छातीवरचा दगड खाली उतरला. महादेवाने बोलावलं नव्हतं असं नाही, त्यांच्या मनात आलं. बहुधा त्याने आधी रिपोर्ट वाचला असावा.

बेबाबाई गेल्या. सिक्कीममधल्या नथुला खिंडीच्या वाटेने, पन्नास जणांच्या जथ्यात. पहिले काही दिवस फोन आले, मग वर गेल्यावर बंद झाले. नाना रोज गोळी घेत, रोज तिकडचं हवामान बघत आणि मयुरीला रोज सांगत, "आज ऊन हाय तिकडं." एक दिवस त्यांनी स्वतः कपभर चहा करून पाहिला. मयुरीने त्याचा एक घोट घेतला आणि पुन्हा आधण ठेवलं.

बावीस दिवसांनी बेबाबाई परत आल्या. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, चालण्यात मात्र एक नवीन सैलपणा. अंगणात गर्दी झाली. लोक पाया पडत होते, प्रेमराज सर नारळ देत होते, आणि नाना सगळ्यांच्या चपला वाटेतून बाजूला करत होते. पाण्याची बाटली थेंब थेंब वाटून संपली. हळूहळू माणसं पांगली. मयुरी आत स्वयंपाकाला लागली.

ओट्यावर दोघंच उरली. मनातला प्रश्न नानांनी बराच वेळ चहाच्या कपात फिरवला. शेवटी विचारलं, "परिक्रमेत, वर खिंडीत... माझी आठवण आली का?"

बेबाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "खिंडीत नही. तिथं श्वासच पुरत नव्हता. आठवण कुठून येणार?"

"बरोबर हाय," नाना म्हणाले. पण तोंड उतरलं.

"मग खाली आलो. तळ्यापाशी बसली मी. पाणी इतकं निळं व्हतं, काय सांगू. एकदम वाटलं, कोणाले तरी सांगायला पाहिजे. वळून पाह्यलं, तर तुम्ही नव्हते."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग?"

"मग शेजारच्या गुजराती बाईले सांगितलं."

नाना हसले. आधी थोडं, मग पोट धरून. बेबाबाईही हसल्या आणि फुटलेला ओठ धरून थांबल्या.

"आता मले सांग," नाना म्हणाले आणि सरकून जवळ बसले. "पहिल्यापासून."

बेबाबाईंनी सुरुवात केली. परिक्रमेतली ती डोलमाची खिंड सतरा हजार फुटांवर आहे, असं त्या म्हणाल्या. ती अठरा हजार सहाशेवर आहे, हे नानांना तोंडपाठ होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. नानांनी त्यावर चहाचा घोट घेतला आणि ते गिळलं. त्यानंतर पाऊण तास, गावात कोणाला खरं वाटणार नाही, पण जीवराम नाना एक शब्द बोलले नाहीत.