संतापाला वन्स मोर

बोरीटोल्याच्या नवजागृती नाट्यमंडळाने यंदाच्या मंडईच्या नाटकात मुख्य भूमिका दुधराम पटले यांना द्यावी, असा ठराव एकमताने मंजूर केला, आणि दुधराम घरी येऊन न जेवताच झोपला. आनंदानेही भूक मरते, हे त्याच्या बायकोला, प्रेमिलाला, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिने त्याच्या वाटणीचा भात म्हशीला घातला.

गोष्ट होतीच तशी. दिवाळी सरली की गोंदियाच्या बाजूला गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि ज्या गावाच्या मंडईला नाटक नाही, तिथले पाहुणेसुद्धा चहा पिऊन उठतात. या नाटकांत दुधराम कितीतरी वर्षांपासून हवालदार होता. लाठी घेऊन यायचं, "सरकार, गुन्हेगार हजर आहे" म्हणायचं आणि निघून जायचं. एवढ्या एका वाक्यावर त्याने सगळं तारुण्य काढलं. एकदा तो तापाने पडला, तेव्हा गुन्हेगाराने स्वतःच येऊन "सरकार, मी हजर आहे" असं सांगून टाकलं, आणि प्रेक्षकांत कुणालाही काही कमी वाटलं नाही. ही गोष्ट दुधरामच्या फार जिव्हारी लागली होती.

यंदा त्याला मिळाला होता भैरव. गावाला नागवणाऱ्या सावकाराविरुद्ध उभा राहणारा भैरव तिसऱ्या अंकात सलग दोन पानं एकटाच बोलतो, आणि शेवटी मूठ उगारून म्हणतो, "चला, माझ्या बांधवांनो! तिजोरीचं कुलूप तोडल्याशिवाय आज मागे फिरायचं नाही!" दुधराम हे वाक्य बांधावर म्हणायचा, कालव्याच्या पाळीवर म्हणायचा, गोठ्यातही म्हणायचा.

"अजी, कायले ओरडून राहिले?" प्रेमिला म्हणाली. "म्हैस दूध नाही देऊन राहिली."

"अन्यायाविरुद्ध बोलून राहिलो, प्रेमिला."

"मंग थोडा वेळ न्यायाचं बोला. धार काढू द्या."

नाटक म्हटलं की पैसा आला. पडदे भाड्याने आणायचे, नटी वडशाच्या नाटक कंपनीतून बोलवायची, आणि नटी काही "नंतर देऊ" वर येत नाही. मंडळाचा पैसा गोरेगावच्या विश्वासधारा ग्रामीण सहकारी पतसंस्थेत होता. प्रेमिलाचाही तिथेच होता. दुधाच्या पैशातून तिने स्कुटीसाठी साठवलेला. बाजाराच्या दिवशी एसटीच्या दारात एका पायावर उभं राहून गोरेगावला जायचा तिला कंटाळा आला होता. स्कुटी निळी घ्यायची, हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

आणि एका बाजाराच्या दिवशी पतसंस्थेचं शटर अर्ध्यावर आलं. दारावर सूचना लागली : 'संस्था पूर्णपणे सुस्थितीत असून केवळ रोख रकमेचा तात्पुरता अभाव आहे.' म्हणजे पैसा सोडून बाकी सगळं जागेवर होतं. टेबलं होती, पंखे होते, अध्यक्षांचा फोटोही होता. पैसा मात्र बिरसीला गेला होता. अध्यक्ष तथा कार्यकारी संचालक हेमेंद्रबाबू यांच्या मेहुण्याने विमानतळाजवळ मोठं वातानुकूलित हॉटेल बांधलं होतं, विमानातून उतरलेला माणूस भुकेला असतो या सिद्धान्तावर. सिद्धान्त चूक नव्हता. फक्त उतरलेला माणूस तडक घरी जाऊन जेवायचा.

संस्था वाचवायची कशी, याच्यावर वरच्या पातळीवर विचार झाला. सरकारी तिजोरीतून थोडी मदत आली, आणि उरलेली तूट ठेवीदारांनी 'पुनरुज्जीवन वर्गणी' देऊन भरावी असं ठरलं. आपला पैसा परत हवा असेल तर आधी आणखी पैसा द्यायचा, हे तत्त्व लोकांच्या पटकन गळी उतरेना. ते उतरवलं दुधरामने. तो दारोदार फिरला. "संस्था बुडाली तं नाटक बुडालं, भाऊ," असं त्याने भैरवाच्या आवाजात सांगितलं. स्वतःची ठेव बुडाली तेव्हा जी माणसं नुसती हळहळली होती, ती नाटक बुडणार म्हटल्यावर खडबडून जागी झाली. कुणी नोटा दिल्या, कुणी धान विकून दिले. संस्था वाचली. नारळ फुटला, शटर वर गेलं.

पुढच्याच महिन्यात बातमी फुटली. संस्थेला संकटातून बाहेर काढल्याबद्दल संचालक मंडळाने स्वतःला 'संकटनिवारण प्रोत्साहन बोनस' मंजूर केला होता. संचालकांना प्रत्येकी एक लाख, हेमेंद्रबाबूंना पाच. ठेवीदारांना मात्र आठवड्याला दोनशेच रुपये काढता येत होते, तेही कारण लिहून दिल्यावर.

लोक भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. मोर्चा ठरला. घोषणा ठरवायला बसले तेव्हा मात्र अडचण आली. "बोनस बंद करा" म्हणायला एकही शेतकरी तयार होईना. या जिल्ह्यात सगळं गाव वर्षभर सरकारकडून धानाच्या हमीभावावर मिळणाऱ्या बोनसची वाट पाहतं. अशी घोषणा चुकून मुंबईला ऐकू गेली आणि सरकारने जनतेच्या भावनांचा आदर करून धानाचाच बोनस बंद केला तर? शेवटी नाट्यमंडळाचे अध्यक्ष तिलक गुरुजी यांनी सुधारित घोषणा दिली : "आमचा बोनस चालू ठेवा, त्यांचा बोनस बंद करा, आमचा लवकर द्या!" ती म्हणायला लांब होती, पण कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती.

मोर्चा संस्थेच्या दारात थांबला, आणि दुधराम, गुरुजी आणि प्रेमिला असं शिष्टमंडळ आत गेलं. हेमेंद्रबाबू गोंदिया शहरातले, त्यामुळे अर्धं हिंदीत बोलायचे आणि पूर्ण गोड बोलायचे.

"आओ दुधरामभाऊ, बैठो. गुस्सा आहे, आना भी चाहिए. चहा सांगू?"

"बाबूजी," दुधराम उभ्यानेच म्हणाला, "संस्था तुमीच बुडवली, अन् बोनस बी तुमालेच? हे कसं जी?"

"बुडाली असती तर मी एक रुपया घेतला असता का? वाचली म्हणून घेतला."

"वाचवली आमी," गुरुजी म्हणाले.

"बराबर. पण वाचवायची संधी तुम्हाला कोणी दिली?"

गुरुजी विचारात पडले. शिक्षकाच्या नोकरीत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मंग तुमाले काढून दुसरा मानूस काऊन नाही ठेवत?" प्रेमिलाने विचारलं.

"ताई, संस्थेचा पैसा कुठे कुठे गेला, हे या जिल्ह्यात फक्त मला माहीत आहे. उद्या मला नागपूरच्या एखाद्या मोठ्या संस्थेने उचललं, तर तो शोधणार कोण? एवढा अनुभवी माणूस टिकवायचा तर खर्चा तो होगा."

"मंग कुठी कुठी गेला, ते सांगून टाका ना जी."

"ते सांगितलं तर मला ठेवायचं कारणच उरणार नाही," हेमेंद्रबाबू अतिशय प्रामाणिकपणे म्हणाले, आणि चहा आला. चहा चांगला होता, आल्याचा.

दुधराम बाहेर आला तेव्हा लोक त्याच्याकडे आशेने बघत होते. आत काय झालं हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते, कारण आत जे झालं ते त्यालाच नीट कळलं नव्हतं. पण भैरवाजवळ दोन पानं शब्द होते. तो पायरीवर चढला आणि त्याने ती दोन्ही पानं म्हटली. आवाज असा लागला की बाजारातली माणसं भाजीचा भाव अर्धवट सोडून धावत आली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटी त्याने मूठ उगारली, "चला, माझ्या बांधवांनो! तिजोरीचं कुलूप..." आणि गर्दीतून आवाज उठला, "वन्स मोर!"

या भागातल्या कुठल्याही नटाने हा शब्द ऐकल्यावर दुसरं काही केल्याचं माहितीत नाही. दुधरामने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेस भाषण संपलं तेव्हा दुपार टळली होती, एसटीची वेळ झाली होती, आणि लोक "काय बोलला गा दुधराम!" असं म्हणत समाधानाने पांगले. तिजोरी होती तिथेच राहिली. आतल्या खिडकीत उभे राहून टाळ्या वाजवणारा एक माणूस मात्र पांगला नव्हता. ते हेमेंद्रबाबू होते.

दुसऱ्याच दिवशी संस्थेचं पत्र आलं. ठेवीदारांच्या तीव्र भावनांची दखल घेऊन मंडईच्या नाटकाचा संपूर्ण खर्च संस्था आपल्या 'जनसंताप मनोरंजन निधी'तून करणार होती. अटी साध्या होत्या. संस्थेचा खर्च फक्त कामकाजाच्या वेळेतच वैध असल्याने नाटक रात्री न होता दिवसा अकरा ते पाच या वेळात, दीड ते दोन जेवणाची सुट्टी सोडून व्हावं. नाटकातला सावकार खासगी असून सहकारी नाही, हे आधी जाहीर करावं. आणि संस्थेत नवी ठेव ठेवणाऱ्याला पुढच्या रांगेत खुर्ची मिळावी.

"आपलाच पैसा हाय तो," प्रेमिला म्हणाली. "बाबूजीच्या हातून घेऊन त्याच्याच विरुद्ध नाटक कराचं?"

"आपलाच हाय म्हनतेस, मंग घ्याले काय हरकत हाय?" दुधराम म्हणाला. खरं तर त्यालाही कुठेतरी खुपत होतं. पण हवालदारकीची वर्षं एका बाजूला आणि हे खुपणं दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिल्यावर खुपणं हलकं भरलं.

पुढच्या रांगेसाठी झुंबड उडाली. संस्थेविरुद्धचा संताप जवळून पाहायला मिळावा म्हणून लोकांनी संस्थेत ठेवी ठेवल्या. ज्यांचा संताप जास्त, त्यांनी मोठ्या ठेवी ठेवल्या.

मंडईच्या दिवशी भर उन्हात पडदा उघडला. रात्रीच्या नाटकात दिव्यांच्या झगमगाटात नटाला समोरचं काही दिसत नाही, ते एका अर्थी बरं असतं. दिवसा मात्र दुधरामला सगळं गाव लख्ख दिसत होतं. पहिल्या रांगेत हेमेंद्रबाबू फेटा बांधून बसले होते. पाठीमागे, खांबाजवळ, जमिनीवर प्रेमिला बसली होती. तिने नवी ठेव ठेवली नव्हती.

तिसरा अंक आला. दुधराम त्या दिवशी जे बोलला, तसं त्या मंचावर आजवर कुणी बोललं नव्हतं. सावकाराचं काम करणारा टिंकू खरोखरच घाबरला आणि स्वतःचं वाक्य विसरला. दुधरामने मूठ उगारली. "चला, माझ्या बांधवांनो! तिजोरीचं कुलूप तोडल्याशिवाय आज मागे फिरायचं नाही!"

मागच्या खांबाजवळ प्रेमिला उभी राहिली.

"चला!" ती म्हणाली.

तिने पदर खोचला होता. ती दुधरामकडेच बघत होती, म्हैस धार देत नाही तेव्हा बघायची तशी नाही, लग्नाच्या मांडवात बघितलं होतं तशी. संस्था गोरेगावला होती, पण मंडईला आलेले ट्रॅक्टर मांडवाबाहेरच उभे होते. एवढा जनसमुदाय तिथे होता, दुधराम पुढे होता, आणि फक्त मंचावरून खाली उतरायचं बाकी होतं. दुधरामचा एक पाय पायरीकडे वळलादेखील.

"अवो बाई, खाली बस ना! दिसून नाही राहिलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाटक चालू हाय जी!" दुसरं कुणी.

आणि पहिल्या रांगेतून, हसऱ्या, मोकळ्या आवाजात हेमेंद्रबाबू म्हणाले, "वन्स मोर!"

मग सगळ्या मांडवाने तेच धरलं. दुधरामने प्रेमिलाकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. पायरीकडे गेलेला पाय त्याने मागे घेतला. आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्या दिवशी त्याला तीन वन्स मोर मिळाले, शाल मिळाली, आणि हेमेंद्रबाबूंच्या हातून अकराशे रुपयांचं बक्षीस मिळालं. बक्षीस त्याच्या खात्यात जमा करण्यात आलं.

घरी येताना प्रेमिला चार पावलं पुढे चालत होती. दुधरामने न राहवून विचारलं, "कसं झालं जी माझं काम?"

"लय चांगलं झालं," ती म्हणाली. "मले वाटलं, आपन खरंच चाललो."

त्या रात्रीही दुधराम न जेवताच झोपला.

पुढे संस्थेची वार्षिक सभा झाली. ठेवी वाढल्या होत्या. जनतेत कुठेही असंतोष शिल्लक नसल्याचं अहवालात म्हटलं होतं, आणि तो शून्यावर आणल्याबद्दल अध्यक्षांना दहा लाखांचा बोनस द्यावा, असा ठराव वाचण्यात आला. सवयीने मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" सभेच्या इच्छेचा मान राखून सचिवांनी ठराव पुन्हा वाचला आणि दोन्ही वेळा मंजूर झाल्याची नोंद केली. बोनस वीस लाख झाला.

प्रेमिला अजून एसटीनेच बाजाराला जाते. दुधरामला पुढच्या वर्षीही भैरवच मिळाला आहे. ही हकीकत वाचून आपल्यालाही संताप आला असेल, तर कृपया पहिल्यापासून पुन्हा वाचावी. हेमेंद्रबाबूंची काही हरकत नाही.