बिनतारखेची कामं

पणदऱ्याच्या बुद्धघोषनं आजवर कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. "टाकलं बघा यादीत," म्हणायचा आणि समोरच्याच्या देखत मोबाइलमध्ये टिपून घ्यायचा, नाव-नंबरासकट. तारीख मात्र कधी टाकायचा नाही. एवढ्या भांडवलावर तो दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता आणि मतदान बुधवारवर आलं होतं.

अशात जुन्या मोबाइलनं मान टाकली. नव्यातलं कॅलेंडर वेगळं, त्यात यादी जाता जाईना. तिसऱ्या खेपेला मोबाइलनं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि बुद्धघोषनं न वाचताच मोठ्या रुबाबात 'हो' दाबलं. झालं! बिनतारखेच्या सगळ्या कामांना एकच तारीख लागली, रविवार, सकाळी दहा; आणि ज्याचं काम त्याच्या मोबाइलवर आमंत्रण गेलं.

रविवारी दहाला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"चुकून गेलं म्हणून सांगा की," बायको, करुणा, म्हणाली.

"आन् बुधवारी मतं कोण देणार?" बुद्धघोषनं शर्टाची बटणं लावली आणि ऐटीत बाहेर आला. "बसा. मीच बोलावलंय."

"माझ्या हिरीवरच्या मोटारीला मिस्त्री आणणार हुतास," छबूबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाली."

"हे काय, रसूलभाई हायेत की."

"आरं, मी माझ्या शेणखताचं इचारायला आलोय," रसूल मिस्त्री म्हणाला.

"झुंबरआबांच्या दारात ढीग पडलाय. घेऊन जा."

"आन् माझ्या म्हशींच्या चाऱ्याचं, मुरघासाचं?" आबांनी विचारलं.

"छबूबाईंकडं जास्तीचा हाय."

तिघांची घरं एकाच गल्लीत होती. पण प्रत्येकानं बुद्धघोषला सांगून ठेवल्यामुळं एकमेकांना विचारायची गरज कुणालाच पडली नव्हती.

बारा वाजेपर्यंत असंच सगळं अंगण मार्गी लागलं. जो तो बुद्धघोषचे आभार मानत गेला. काडी इकडची तिकडं न करता तो बाजेवर रेलला.

"निवडून आलोच म्हणून समज."

करुणानं आपला मोबाइल त्याच्यासमोर धरला. तिलाही आमंत्रण आलं होतं : 'करुणाला पळसदेवला नेणे. पाण्यातलं देऊळ बघणे.' पळसदेव तिचं माहेर; तिथलं जुनं देऊळ धरणाच्या पाण्यात बुडालेलं, पाणी उतरलं की तेवढं उघडं पडायचं. काम सहा वर्षांपूर्वीचं होतं.

"पाणी उतरलं की जाऊ."

"उतरलंय. दादाचा फोन आलता."

बुद्धघोषनं सवयीनं अंगणाकडे पाहिलं. तिथं आता कुणीच उरलं नव्हतं.

"आज प्रचार हाय गं."

"आमच्या बचत गटातल्या बावीस जणी सोसायटीच्या सभासद हायेत," करुणा शांतपणे म्हणाली. "मत कुणाला द्यायचं, ते संध्याकाळी मला इचारणार हायेत."

बुद्धघोषनं गाडीची किल्ली उचलली. यादीतलं काम स्वतः करायची त्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळं पळसदेवला कुठून वळायचं तेही तिलाच सांगावं लागलं.