धावून पकडण्याची पात्रता

सन १९५३ मध्ये कोपरीच्या कमळाबाईंनी ठाण्यातील एका बालकाश्रमाकडे अर्ज केला की, शकू ही सहा वर्षांची अनाथ मुलगी आपणांस सांभाळावयास मिळावी. कमळाबाई आश्रमात भाजी पोचवीत. घर होते, नवरा भिवा मिठागरावर मुकादम होता, मूल नव्हते. शकूने तर एका गुरुवारी आपल्या झग्याची त्यांच्या पदराशी गाठच मारून ठेवली होती. ती सोडवायला दोन शिपाई लागले. अडचण एवढीच की, लहानपणीच्या तापाने कमळाबाईंचा डावा पाय लुळा पडला होता आणि त्या कुबडीवर चालत.

"मूल रस्त्यावर पळाले तर?" आश्रमाच्या समितीचे अध्यक्ष परशुरामपंत यांनी विचारले.

"हाक मारीन, साहेब. ती येल."

"हाकेची नियमांत तरतूद नाही. नियम चार, पालकास धावून मूल पकडता आले पाहिजे."

अंगणात चाचणी झाली. शिट्टी वाजताच शकू सुसाट धावली ती थेट कमळाबाईंच्या कमरेला मिठी मारायला. कारकून श्रीपादने नोंद केली: 'अर्जदार जागची हलली नाही. बालिकेने अर्जदारास पकडले. चाचणी रद्द.'

"अगं, लांब पळायचं!" अध्यक्ष ओरडले.

"मला लांब जायचंच नाहीये," शकू म्हणाली.

'बालिका पळण्यास असमर्थ,' श्रीपादने लिहिले.

शेवटी पळणे म्हणजे काय हे दाखवण्यासाठी पंतांनी स्वतः धोतर खोचले आणि ते पळाले. त्यांना पकडायला तीन धडधाकट सभासद मागे धावले. एकालाही ते सापडले नाहीत.

"साहेब, फुडं गटार हाय!" कमळाबाईंनी हाक मारली. परंतु हाकेची तरतूद नसल्याने पंत थांबले नाहीत.

गटारातून त्यांना कमळाबाईंनीच कुबडी पुढे करून वर ओढले. पंतांचा घोटा मोडला होता.

श्रीपाद नियमाचा पक्का. त्याने पंतांच्या घरी पत्र धाडले: 'आपण धावू शकत नसल्याने आपली पाच अपत्ये आश्रमात जमा करावीत.' दुसऱ्या दिवशी पाचही जण वळकट्या घेऊन हसत हजर झाले.

"अरे, बाबा चांगले धावायचे ना तुमच्यामागे?" श्रीपादने विचारले.

"हो," धाकटा म्हणाला, "छडी घेऊन."

तातडीची सभा भरली. नियम चार रद्द झाला. शकू त्याच दुपारी कमळाबाईंबरोबर कोपरीला गेली; वाटेत दोघींनी एकच पेरू आळीपाळीने खाल्ला.

पंतांची मुलेही घरी परतली, पण जाताना प्रत्येकाने 'पालक बदलून मिळणेबाबत' अर्जाचा नमुना मागून नेला. मागणी पाहून श्रीपादने जास्तीच्या प्रती छापून घेतल्या. तुमच्या घरातून अद्याप कोणी हा नमुना न्यायला आले नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. पोरांना जरा लिहिता तर येऊ द्या.